१/२ + १/३ = २/५ : दुरुस्त करूनही परत परत येणारी चूक

पाचवीत अपूर्णांकांची बेरीज शिकवली, लसावि (लघुतम साधारण विभाज्य) काढायला लावला, चाचणीत वर्गाला चांगले गुण पडले. सातवीत त्याच मुलांपुढे १/२ + १/३ ठेवलं की कितीतरी वह्यांत २/५ दिसतं. आपण फळ्यावर पुन्हा सगळं समजावतो, मुलं माना डोलावतात, आठवडाभर उत्तरं बरोबर येतात. दोन महिन्यांनी पुन्हा २/५. पुढे बीजगणित सुरू झालं की त्याच वह्यांत नवी भर पडते: २क्ष + ३ = ५क्ष.

गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे दुखणं ठाऊक आहे. मी बरीच वर्षं त्यावर एकच औषध देत आले, ते म्हणजे आणखी सराव. वीस उदाहरणं, मग आणखी वीस. ते लागू पडत नाही, कारण मूल काही विसरलेलं नसतं. त्याच्या डोक्यात एक नियम असतो, तो त्याने स्वतः बनवलेला असतो आणि तो त्याला पटलेला असतो: वरच्यात वरचा मिळवा, खालच्यात खालचा. आपली लसाविची रीत त्या नियमावर नुसती वरून चिकटवलेली असते. परीक्षा संपली की ती सुटते आणि खालचा नियम पुन्हा उघडा पडतो. म्हणून रीत पुन्हा शिकवण्याआधी तो नियम शोधावा लागतो.

आधी दहा मिनिटं तपासणीला

मी वर्गाला पाच प्रश्न देते. गुण नाहीत, नाव लिहायची सक्ती नाही. प्रत्येक उत्तरापुढे 'असं का वाटलं' एवढं एक वाक्य मात्र लिहायचं.

१. १२/१३ + ७/८ याचं उत्तर यांपैकी कशाच्या जवळ आहे: १, २, १९ की २१? आकडेमोड करायची नाही.
२. ० पासून २ पर्यंतच्या रेषेवर ३/४ आणि ५/४ दाखवा.
३. ३/५ मोठा की ३/७?
४. ८ + ४ = □ + ५. चौकटीत कोणती संख्या येईल?
५. मुलांची संख्या शिक्षकांच्या संख्येच्या सहापट आहे. मुलांसाठी म आणि शिक्षकांसाठी श घेऊन हे समीकरणात लिहा.

पहिला प्रश्न जुना आहे. अमेरिकेत १९७८च्या राष्ट्रीय चाचणीत तो १३ वर्षांच्या मुलांना विचारला होता. २ हे उत्तर फक्त २४ टक्के मुलांनी निवडलं आणि निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं. १२/१३ म्हणजे जवळजवळ एक, ७/८ म्हणजेही जवळजवळ एक, हे त्यांना दिसलंच नाही. त्यांना १२, १३, ७ आणि ८ असे चार सुटे आकडे दिसले.

उत्तरांपेक्षा ती कारणांची वाक्यं नीट वाचा. ३/५ मोठा असं बरोबर लिहिणारं मूल कारण देतं, 'पाच आणि तीनमध्ये फरक कमी आहे.' उत्तर बरोबर, समज चुकीची. याच कारणाने ते मूल १/२ हा ५/७ पेक्षा मोठा ठरवणार. नुसती उत्तरं तपासली असती तर हे मूल आपल्या हातून निसटलं असतं.

पहिल्या तीन प्रश्नांत वर्ग अडखळला तर अपूर्णांकापासून सुरुवात करा, मग इयत्ता नववी का असेना. चौथ्यात अडखळला तर 'बरोबर'च्या चिन्हावर काम आहे. पाचव्यात अडखळला तर अक्षर म्हणजे काय, इथे गाडी अडली आहे.

अपूर्णांक म्हणजे एक संख्या, दोन नव्हेत

२/५ कुठून येतं ते आधी बघू. मुलाला १/२ आणि १/३ यांची चित्रं काढायला सांगा. ते एक गोल काढून त्याचे दोन भाग करेल आणि एक रंगवेल. शेजारी दुसरा गोल, तीन भाग, एक रंगवलेला. मग मोजेल: एकूण भाग पाच, रंगवलेले दोन. म्हणजे आपलं चित्रच त्याच्या चुकीला साक्ष देतं! शिवाय काही ठिकाणी हा हिशेब खराही असतो. पहिल्या दिवशी दोनपैकी एक सामना जिंकला, दुसऱ्या दिवशी तीनपैकी एक, तर एकूण पाचपैकी दोन जिंकले, हे अगदी खरं. तिथे आपण वेगवेगळे गट एकत्र करतो. बेरजेत मात्र दोन्ही तुकडे एकाच लांबीच्या पूर्णाचे असतात. 'एक पूर्ण कशाला म्हणायचं?' हा प्रश्न विचारल्याशिवाय अपूर्णांकाचं चित्र फळ्यावर काढू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

गोलाऐवजी मी कागदाची पट्टी वापरते. लांबी २४ सेंटीमीटर, रुंदी दोन बोटं. चोवीस मुद्दाम, कारण तिचे २, ३, ४, ६, ८ आणि १२ भाग मोजपट्टीवरच्या खुणांनी अचूक पडतात. प्रत्येक जोडीला सारख्या चार पट्ट्या देते. एक पूर्ण ठेवायची. एकीचे दोन भाग, एकीचे तीन, एकीचे सहा.

एका तासाला मागच्या बाकावरच्या मुलीने २/५ लिहिलं होतं आणि ते तिला पूर्ण पटलेलं होतं. मी चूक म्हटलं नाही. तिला म्हटलं, "तुझ्या पट्टीवर अर्धं किती सेंटीमीटर?" "बारा." "आणि दोन पंचमांश किती येईल?" तिने २४ला ५ने भागलं, ४.८ आलं, दुप्पट केलं, ९.६ आलं. मग ती थांबली. बाराच्या खुणेवर एक बोट, साडेनऊच्या जरा पुढे दुसरं बोट. "बाई, अर्ध्यात मिळवलं आणि अर्ध्यापेक्षा कमी झालं." मी गप्प राहिले. तिने अर्ध्या तुकड्याला तृतीयांशाचा तुकडा लावला, २० सेंटीमीटर भरले. मग सहा भागांची पट्टी शेजारी ठेवली. चार-चार सेंटीमीटरचे पाच तुकडे. पाच षष्ठांश. लसावि हा शब्द तोवर कुणी काढलाच नव्हता. सहा भागांची पट्टीच का लागली, चार भागांची का चालली नाही, हे विचारल्यावर लसावि त्यांनी आपणहून सांगितला.

ते गप्प राहणं सर्वांत अवघड असतं. आपल्याला उत्तर माहीत असतं, जीभ शिवशिवते. पण बेरीज अर्ध्याहून कमी येऊच शकत नाही, हे जे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं ते पुढे टिकतं.

दुसरी दुरुस्ती भाषेची. आपण ३/४ला सर्रास 'तीन छेद चार' म्हणतो. त्यात दोन आकडे ऐकू येतात, एक संख्या ऐकू येत नाही. पहिले काही महिने तरी 'तीन चतुर्थांश' किंवा 'पाऊण' म्हणावं. तीन सप्तमांश अधिक दोन सप्तमांश किती, हे तोंडी विचारा. मुलं 'पाच सप्तमांश' म्हणतात, 'पाच चौदांश' कुणी म्हणत नाही. छेद म्हणजे तुकड्याचं नाव, अंश म्हणजे तुकड्यांची संख्या, हे कानाला आपोआप कळतं. आणि अर्धा अधिक तृतीयांश म्हटलं की नावं वेगळी आहेत, आधी एक नाव करायला हवं, हेही ऐकू येतं. मराठीत तर पावणेदोन, सव्वा, दीड, अडीच असे शब्दच तयार आहेत. पावणेदोन हा शब्द दोनच्या पाव अलीकडे उभा आहे. रेषेवर ती जागा दाखवून घ्या, मग तीच १ ३/४ आणि तीच ७/४ हे लिहून घ्या. मुलांना तीन वेगळी उदाहरणं वाटत होती ती एकाच ठिपक्यावर येतात.

तिसरी गोष्ट, उत्तर काढण्याआधी अंदाज. रोज एक उदाहरण फळ्यावर लिहायचं आणि विचारायचं: शून्याजवळ, अर्ध्याजवळ, एकाजवळ की एकाच्या पुढे? हात वर करून उत्तर. वर्ग मोठा असला तरी दोन मिनिटांत होतं. ज्या मुलाला आधी 'एकाच्या थोडं अलीकडे' असं म्हणायची सवय लागते ते २/५ वर स्वतःच अडखळतं.

भागाकाराबद्दल

'दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा' ही रीत मुलांना सर्वांत लवकर पाठ होते आणि सर्वांत लवकर बिघडते. कुणी पहिला उलटा करतं, कुणी दोन्ही, कुणी गुणाकारातही उलटा करतं. शिवाय भाषेचा एक खड्डा आहे: 'सहाला अर्ध्याने भागा' आणि 'सहाचे अर्धे करा' ही दोन वाक्यं मुलांना एकच वाटतात. पहिल्याचं उत्तर १२, दुसऱ्याचं ३. या दोन वाक्यांवर एक अख्खा तास गेला तरी तो फुकट जात नाही.

भागाकार म्हणजे 'किती वेळा बसतं'. सहा पूर्ण पट्ट्यांत अर्धी पट्टी किती वेळा बसते? बारा वेळा. ३/४ पट्टीत १/८ पट्टी किती वेळा? अठरा सेंटीमीटरात तीन-तीनचे तुकडे, सहा वेळा. भागाकाराने उत्तर मोठं कसं आलं, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न इथेच मिटतो. मग अवघड पायरी: १/२ ÷ ३/४. अर्ध्या पट्टीत पाऊण पट्टी किती वेळा बसते? मुलं म्हणतात, बसतच नाही. बरोबर, पूर्ण एकदाही बसत नाही. मग तिचा किती भाग बसतो? बारा सेंटीमीटर जागा, अठरा सेंटीमीटरचा तुकडा. दोन तृतीयांश. आता तेच समच्छेद करून लिहा: दोन चतुर्थांश भागिले तीन चतुर्थांश म्हणजे २ ÷ ३. छेद सारखा असला की भागाकार नुसता अंशांचा उरतो. अशी पंधरा-वीस उदाहरणं झाली की उलटा करून गुणायची रीत मी सांगते, आणि ती का चालते हे मुलं मला सांगतात. गुणाकारासाठी पट्टीपेक्षा चौकटींचा कागद बरा: आयताचे उभे तीन आणि आडवे चार भाग केले की २/३ चे ३/४ किती, हे चौकटी मोजून दिसतं.

'बरोबर' या शब्दाने केलेला घोटाळा

८ + ४ = □ + ५ या प्रश्नाला तुमच्या वर्गात १२ आणि १७ ही उत्तरं आली तर घाबरू नका. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांना हाच प्रश्न विचारला होता, आणि साऱ्यांनी १२ किंवा १७ हेच चौकटीत भरलं. मुलांच्या लेखी = म्हणजे 'आता उत्तर लिही' असा हुकूम. पहिलीपासून त्यांनी हे चिन्ह उदाहरणाच्या शेवटीच पाहिलेलं असतं.

मराठीत यात आणखी भर पडते. 'बरोबर' म्हणजे समान, आणि 'बरोबर' म्हणजे अचूकही. 'आठ अधिक चार बरोबर' असं म्हटलं की मुलाला पुढे अचूक उत्तर द्यायचं आहे असंच वाटतं. म्हणून मी वाचताना 'आठ अधिक चार म्हणजे तितकेच, जितके काहीतरी अधिक पाच' असं लांबलचक म्हणते. वाक्य कानाला खटकतं, पण पंधरा दिवसांत अर्थ पोचतो. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्डने हे चिन्ह पहिल्यांदा छापलं तेव्हा दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेषा घेतल्या. यांच्याहून जास्त समान दुसरं काय असू शकतं, असं त्याचं म्हणणं होतं. ही गोष्ट मुलांना आवडते आणि लक्षात राहते.

सरावासाठी खरं-खोटं वापरा. ७ = ७ हे खरं की खोटं? बरीच मुलं 'खोटं, कारण बेरीजच नाही' म्हणतात. १२ = ४ + ८? 'उलटं लिहिलंय.' मग ३७ + ५६ = ३९ + ५४ द्या, बेरीज न करता ठरवायचं. एकात दोन वाढले, दुसऱ्यात दोन कमी झाले, म्हणून खरं. हे म्हणणारं मूल बीजगणिताच्या दारात आलेलं असतं. आणि एक सवय पहिल्याच दिवशी मोडा: ३ + ४ = ७ × २ = १४ असं एकाच ओळीत पुढे पुढे लिहिणं. ३ + ४ काही १४ इतकं नसतं. आपणही घाईत फळ्यावर असं लिहितो, म्हणून आधी आपला खडू सुधारायला हवा.

२क्ष + ३ चे ५क्ष का होतात

याची मला तीन कारणं सापडली आहेत. एक, अंकगणितात उत्तरात अधिक चिन्ह उरत नाही, त्यामुळे २क्ष + ३ मुलाला अर्धवट वाटतं. ते काहीतरी करून त्याची एकच वस्तू बनवतं. दोन, २ १/२ लिहिलं की मधे न लिहिलेली बेरीज असते, आणि २क्ष लिहिलं की मधे न लिहिलेला गुणाकार असतो. हा बदल आपण कधी स्पष्ट सांगत नाही. ज्या दिवशी २क्ष पहिल्यांदा लिहाल त्याच दिवशी शेजारी २ १/२ लिहा आणि फरक बोलून दाखवा.

तिसरं कारण आपणच देतो. 'प म्हणजे पेन, व म्हणजे वह्या. दोन पेन आणि तीन वह्या मिसळता येत नाहीत, म्हणून २प + ३व तसंच ठेवा.' सजातीय पदं शिकवताना हे सोयीचं पडतं, पण पुढे महागात जातं. कारण अक्षर वस्तूचं नाव नसतं, ते संख्येच्या जागी असतं. पेन × वही म्हणजे काय, हे या कल्पनेतून कधी सांगता येणार? वर छेदाला मी तुकड्याचं नाव म्हटलं, तिथे ते चालतं, कारण षष्ठांश हे खरंच एक ठरलेलं माप आहे. अक्षराला तसं ठरलेलं माप नाही. पाचव्या प्रश्नात म = ६श ऐवजी ६म = श येतं ते यामुळेच: 'सहा मुलं, एक शिक्षक' असं वाक्य मूल जसंच्या तसं अक्षरांत उतरवतं. १९८०च्या सुमारास अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना असाच प्रश्न दिला, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त विद्यार्थी चुकले होते. तेव्हा सातवीतल्या मुलावर रागावण्यात अर्थ नाही. 'म = ३० असेल तर श किती?' एवढं विचारा. पाच, हे त्याला येतं. मग दोन्ही समीकरणांत त्या संख्या घालून बघू दे.

अक्षर शिकवायला मी बंद पाकिटं वापरते. सगळ्या पाकिटांत सारख्याच चिठ्ठ्या, किती ते मलाच ठाऊक. टेबलावर दोन पाकिटं आणि तीन सुट्या चिठ्ठ्या. एकूण किती? "बाई, उघडल्याशिवाय कसं सांगणार?" "मग न उघडता जेवढं सांगता येईल तेवढं सांगा." 'दोन पाकिटांतल्या आणि वर तीन.' तेच २क्ष + ३. दुसऱ्या दिवशी पाकिटांत वेगळ्या संख्येने चिठ्ठ्या भरते, लिहिणं तेच राहतं. २क्ष + ३ आणि ५क्ष सारखे आहेत की नाहीत, हे पाकिटात १० चिठ्ठ्या धरून पाहा: एकीकडे २३, दुसरीकडे ५०. मग कुणीतरी शोधून काढतं की पाकिटात एकच चिठ्ठी असली तर दोन्हीकडे पाच येतात. या शोधाला टाळू नका. एका संख्येसाठी जुळणं आणि प्रत्येक संख्येसाठी जुळणं यांत फरक आहे, हे तिथे पहिल्यांदा कळतं, आणि समीकरण नावाची गोष्ट त्यातूनच निघते.

भास्कराचार्य बाराव्या शतकात अव्यक्त संख्येला 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे जितके तितके, आणि लिहिताना नुसतं 'या'. दुसरी अव्यक्त संख्या आली तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं, 'का', 'नी', 'पी'. मुलांना मी क्षच्या आधी आठवडाभर 'जितके तितके' म्हणू देते. 'दोन वेळा जितके तितके आणि तीन' असं म्हणणाऱ्या मुलाच्या हातून ५क्ष क्वचितच सुटतं.

बाजू बदलली, चिन्ह बदललं

पक्षांतराचा हा मंत्र झटपट उत्तरं देतो आणि नंतर ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ = ९ असं लिहायला लावतो. तीन पलीकडे गेला, चिन्ह बदललं, मंत्र तर पाळला! यावर उपाय एकच: निदान महिनाभर प्रत्येक ओळीत दोन्ही बाजूंना काय केलं ते लिहायचं, आणि शेवटी उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचं. ३ × ९ म्हणजे २७, बारा नव्हेत. आपलं उत्तर आपणच तपासता येतं हे कळलं की मुलं मागच्या पानावरची उत्तरं कमी बघतात.

आता दोन्ही दुखणी एकत्र येतात ती जागा. २/३ क्ष = ८. वर्गातली निम्मी मुलं इथे वही बंद करतात. पट्टीवर काम केलेली मुलं मात्र वहीत एक आयत काढतात, त्याचे तीन भाग करतात, दोन भागांवर ८ लिहितात. एक भाग ४, तीन भाग १२. संपलं. २०१२ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा-बारा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार किती येतो यावरून, पाच-सहा वर्षांनी बीजगणित किती येईल याचा अंदाज बांधता येतो, असं त्यात दिसलं, आणि इतर बेरीज-वजाबाकी, बुद्धिमापन, घरची परिस्थिती हे सगळं हिशेबात धरूनही. म्हणून नववीच्या वर्गात आठवडाभर पट्ट्या कापायला मला जराही संकोच वाटत नाही.

सराव नकोच असं नाही. पण एका दिवशी दहा गणितं देण्याऐवजी रोज दोन द्या, पाच दिवस, आणि त्यांतलं एक मागच्या महिन्यातलं असू द्या. बेरीज, गुणाकार, भागाकार मिसळून द्या. एकाच प्रकारची दहा गणितं सोडवताना कोणती रीत लावायची याचा विचारच मूल करत नाही. आठवड्यातून एकदा फळ्यावर एक चुकीचं उत्तर लिहा, कुणाचं ते न सांगता, आणि विचारा: हे लिहिणाऱ्याने काय विचार केला असेल? या प्रश्नाला सगळ्यांत जास्त हात वर होतात.

शेवटची अडचण: खोडाखोडी आणि छेद घालवणं

(क्ष + ६)/६ मधले दोन्ही सहा खोडून क्ष लिहिणं. इथे क्षच्या जागी ४ ठेवायला सांगा: १०/६ हे काही ४ नव्हे. मग (क्ष × ६)/६ घ्या आणि इथे खोडता का येतं ते विचारा. गुणलेलं भागून जातं, मिळवलेलं जात नाही.

याहून बारीक चूक हुशार मुलांची असते. क्ष/२ + क्ष/३ = १० हे समीकरण सोडवताना दोन्ही बाजूंना ६ने गुणायचं, ३क्ष + २क्ष = ६०, क्ष = १२. हे छान जमतं. मग 'क्ष/२ + क्ष/३ सोपं रूप द्या' असं आलं की तेच मूल ६ने गुणून ५क्ष लिहितं. समीकरणात दोन बाजू असतात, दोन्हींना गुणलं तर समतोल राहतो. इथे दुसरी बाजूच नाही. सहाने गुणलं तर राशीच सहापट होते. तोंडी सांगून हे पटत नाही. मी वर्गात एवढंच म्हटलं, "क्ष सहा धरा."

पहिल्या बाकावरच्या मुलाने लिहिलं, तीन अधिक दोन, पाच. खाली ५क्षमध्ये सहा घातले, तीस. तो जरा वेळ दोन्हींकडे बघत राहिला. मग ५क्षच्या खाली त्याने एक आडवी रेघ मारली, रेघेखाली ६ लिहिले आणि वही माझ्याकडे वळवली.